कायरोप्रॅक्टर कसा घडतो? एका शाळामास्तराची गोष्ट आणि आपल्या मुलांचे प्रश्न



दिवाळीनंतरची गोष्ट आहे. दहावीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील राजापेठला शाळेत भेटायला आले. मुलगा इथे मामाकडे राहतो, वडील बडनेऱ्याकडच्या एका गावात शेती करतात. नुकताच कापूस विकून पैसे हाती आलेले.

"सर, पोट्टं मायं आयकतच नाई. मोबाईलवर हाडं कडकड मोडाचे व्हिडिओ पायते आन् म्हणते मले हेच शिकाचं हाय. कोनं तरी पंधरा दिवसाचा कोर्स सांगतला. पैसे भरू काय?"

त्यांच्या हातात एक छापील पत्रक होतं. "पंधरा दिवसांत कायरोप्रॅक्टर, नावापुढे डॉक्टर" असा त्याचा मजकूर. फी त्यांच्या कापसाच्या पैशातला मोठा भाग खाऊन टाकणारी होती. मी म्हटलं, "भाऊ, मला दोन दिवस द्या, वाचून सांगतो." ते दोन दिवस जे वाचलं, तोच आजचा पाठ.

शब्द आणि त्याचा अर्थ

'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा सरळ अर्थ 'हाताने केलेलं काम'. पाठीच्या कण्याचे आणि सांध्यांचे दुखणे हाताने दाब देऊन, झटका देऊन हलके करणे, हे त्यातले मुख्य काम. ही कल्पना आपल्याला नवी नाही. कुस्तीत लचकलेला खांदा चोळून देणारे उस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्य आपण पाहिले आहेत. अमरावतीत तर १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे आपले खेळ दाखवले. शरीर हाताने आणि व्यायामाने घडवायचं, ही ओढ या शहराला जुनीच आहे. मुलाला त्याचं आकर्षण वाटलं, यात त्याची काही चूक नाही.

पहिला कायरोप्रॅक्टर: एक शाळामास्तर

डॅनियल डेव्हिड पामर यांचा जन्म १८४५ साली कॅनडात झाला. १८६५ मध्ये ते अमेरिकेत आले. पुढची वीस वर्षे त्यांनी काय काय केलं पाहा: शाळेत शिकवलं, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवलं. १८८६ च्या सुमाराला ते 'चुंबकीय उपचार' करू लागले आणि मग आयोवा राज्यातल्या डॅव्हेनपोर्ट गावात स्थिरावले. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

१८ सप्टेंबर १८९५ हा या व्यवसायाचा जन्मदिवस मानतात. पामर यांच्या इमारतीत सफाईचं काम करणारे हार्वे लिलार्ड यांना बऱ्याच वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकलं आणि तेव्हापासून कान गेले, असं त्यांचं म्हणणं. पामरनी त्यांच्या पाठीचा एक मणका दाबला आणि ऐकू येऊ लागलं, असा दावा केला.

वर्गात इथे थांबा आणि विचारा: एका माणसाला बरं वाटलं, म्हणून उपचार सिद्ध झाला का? ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानाकडे जाते, पाठीच्या मणक्यांतून नाही. मग पामर यांचं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे का? आठवी-नववीची मुलं यावर छान वाद घालतात. 'एक अनुभव' आणि 'पुरावा' यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण क्वचित सापडेल.

तुरुंगापासून कायद्यापर्यंत

पामरनी १८९७ साली स्वतःची शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल त्यांना तुरुंगात जावं लागलं. शाळेची सूत्रे त्यांचा मुलगा बी. जे. पामर यांच्याकडे गेली. १९१३ साली पामर वारले आणि त्याच वर्षी कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टरांसाठी पहिला परवाना कायदा केला. अमेरिकेतलं शेवटचं राज्य लुइझियाना, तिथे हा कायदा व्हायला १९७४ साल उजाडलं. डॉक्टरांच्या संघटनेशी भांडण वेगळंच. १९७६ मध्ये काही कायरोप्रॅक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनवर खटला भरला. या संघटनेने त्यांच्यावर बेकायदा बहिष्कार घातला, असा निकाल न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. मात्र त्यांचे उपचार शास्त्रीय आहेत की नाहीत, हे ठरवणारा तो निकाल नव्हता.

आज तिकडे कायरोप्रॅक्टर व्हायला काय लागतं?

शाळेनंतर कॉलेजची साधारण तीन ते चार वर्षे आणि त्यापुढे कायरोप्रॅक्टिकच्या पदवीची चार वर्षे. शरीररचना, शरीरक्रिया, रोगनिदान, क्ष-किरण वाचणं आणि देखरेखीखाली रुग्ण तपासणं हे सगळं त्यात येतं. मग राष्ट्रीय पातळीवरच्या चार भागांच्या परीक्षा, त्यानंतर राज्याचा परवाना. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास सांगितले आहेत.

मुलांना गणित द्या. रोज आठ तास धरले, तर ४२०० तासांना किती दिवस? ५२५ दिवस, तेही एकही सुट्टी न घेता. पंधरा दिवसांत किती तास? १२०. बाकीचे ४०८० तास कुठे गेले? मी हे गणित फळ्यावर मांडलं, तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा गप्प बसला.

कडकड आवाज म्हणजे काय?

सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा एमआरआय यंत्रात ताणून हे चित्र टिपलं. म्हणजे हाड मोडत नाही, आणि 'सरकलेलं हाड जागेवर बसलं' असंही त्या आवाजावरून म्हणता येत नाही.

मग उपयोग काहीच नाही का? तसंही नाही. कंबरदुखीत अशा उपचाराने काहींना थोडा आराम पडतो, साधारण व्यायाम किंवा फिजिओथेरपीइतकाच. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ मध्ये कंबरदुखीच्या उपायांत त्याचा समावेश केला. पण दमा, बहिरेपण, मधुमेह मणका दाबून बरा होतो, या दाव्यांना आधार नाही. आणि मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका, क्वचित का होईना, असतो. कटिंगच्या दुकानात 'मान मोडून देऊ का?' असं विचारतात, तेव्हा 'नको भाऊ' म्हणायची सवय मुलांना लावा. मी स्वतः ती सवय या वर्षीच लावून घेतली.

आपल्याकडचा रस्ता

डॉक्टर किंवा दंतवैद्य यांच्यासारखी कायरोप्रॅक्टरांसाठी स्वतंत्र कायद्याची परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे पाटी लावणाऱ्याने काय शिक्षण घेतलं, हे आपणच विचारायला हवं. ज्याला हाताने माणसांचं दुखणं हलकं करायचं आहे, त्याच्यासाठी इथला पक्का रस्ता फिजिओथेरपीचा. १९५२ च्या सुमाराला मुंबईत पोलिओची साथ आली आणि १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, मग नीट परीक्षा, मग पदवी आणि इंटर्नशिप. साडेचार वर्षांची पदवी अशी तिची आजवरची ओळख. नियम बदलत असतात, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघा.

पालकांनी पैसे भरण्याआधी विचारायचे चार प्रश्न

१. ही पदवी देणारं विद्यापीठ कोणतं?
२. शिकून झाल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते?
३. रुग्ण तपासायला कोणत्या रुग्णालयात आणि किती तास मिळतात?
४. नावापुढे 'डॉक्टर' लावायचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळतो?

हे प्रश्न त्या वडिलांनी माझ्यासमोर पत्रकावरच्या नंबरवर फोन करून विचारले. पहिल्याला "आमचं स्वतःचं सर्टिफिकेट आहे" असं उत्तर आलं. दुसऱ्याला फोन कट झाला. बाकीचे दोन विचारायची वेळच आली नाही. भाऊंनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं झालं सर, इचारलं ते."

मुलगा मात्र माझ्यावर अजून नाराज आहे. त्याला वाटतं, सरांनी आपलं स्वप्न मोडलं. परवा त्याला इर्विन रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग बघायला घेऊन जायची परवानगी वडिलांकडून मागितली आहे. पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकणारी माणसं आणि त्यांना धरून उभी राहणारी माणसं त्याने एकदा डोळ्यांनी पाहावीत, एवढीच इच्छा. त्या कामात कडकड आवाज येत नाही, आणि कोणी त्याचा व्हिडिओही काढत नाही.

वर्गासाठी उपक्रम

• पामर यांचा जीवनपट सालांनुसार काढा.
• स्वतःच्या मानेचे मणके सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच. आकृती काढून नावे द्या.
• घरातल्या मोठ्यांना विचारा: लचक भरली की पूर्वी कोणाकडे जायचे? आता कोणाकडे जातात, आणि का?
• 'एकाला गुण आला म्हणजे औषध खरं' या वाक्यावर दहा ओळी लिहा.

तुमच्या वर्गात असा प्रश्न आला असेल, तर मुलाला हसू नका. त्याच्याबरोबर बसून ४२०० तासांचं गणित करा.