मोजून दे, मोजून घे

अगं, तुझा फोन आल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. भांडी भाड्याने द्यायचा धंदा तू नक्की कर. गावात वास्तुशांत असो की सप्ताहाचा काला, दरवेळी तालुक्याहून टेंपो मागवावा लागतो, म्हणजे गिऱ्हाईक दारातच आहे. पण कर्ज काढून एकदम ५०० ताटं आणायचा बेत केलायस ना, तो आधी बाजूला ठेव.

दीडशे पानांपासून सुरुवात कर. ताट-वाटी भावकीतून गोळा होते. लोकांचं अडतं ते मोठ्या पातेल्यावाचून, परात-कढईवाचून, भट्टीवाचून. पैसा आधी तिथे घाल. नाशिकच्या भांडीबाजारात गेलीस की मोठी पातेली किलोवर मिळतील. वजनाला हलकं भांडं स्वस्त पडतं, त्याला भुलू नकोस. पातळ बुडाला भात लागतो, आणि भात लागला की नावं तुझ्या भांड्याला ठेवतात. भाताला जाड बुडाचं जर्मनचं पातेलं चालेल. आमटी, कढी अशा आंबटाला स्टीलच हवं, आणि हे गिऱ्हाइकालाही सांगत जा. पितळ कितीही आवडलं तरी कल्हईच्या खर्चात सध्या पडू नकोस.

समज, पातेलं २,००० रुपयांना पडलं आणि दिवसाचं भाडं १००, तर ते वीस वेळा बाहेर गेल्यावर त्याची किंमत निघते. तुळशीच्या लग्नानंतर मागणी वाढते, चातुर्मासात लग्नं थांबतात. श्रावणातल्या पूजा, गणपतीचा महाप्रसाद यांवर थोडंफार भागेल, पण बँकेचा हप्ता पावसाळ्यातही येतोच. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. सुरुवात तेवढ्यातच बसव. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे कुणी मागितले तर देऊ नकोस.

आता मला खरं सांगायचंय ते ऐक. या धंद्यातला नफा भांडी परत येताना ठरतो. प्रत्येक नगावर नाव घालून घे, चमच्यावरसुद्धा. ताटं पन्नास-पन्नासच्या थप्प्यांनी बांध, म्हणजे मोजणी चटकन होते. देताना गिऱ्हाइकासमोर मोज, कार्बनच्या पावतीवर सही घे, परातीला आधीचा पोचा असेल तर तोही लिही. परत येताना रात्रीचे अकरा वाजलेले असतात, पोरं दमलेली असतात, “ताई, सकाळी मोजा” म्हणतात. तेव्हाच मोजायचं, बाई. चमचे आणि वाट्या बहुतेक वेळा खरकट्याच्या बादलीत गेलेल्या असतात. रात्रीच कमी भरले तर बादली उपसून सापडतात. सकाळपर्यंत ती उकिरड्यावर रिकामी झालेली असते.

डिपॉझिट सगळ्यांकडून घे, आपल्या चुलत्यांकडूनही. एकाला सोडलंस की दुसऱ्याकडे मागायला तोंड राहत नाही. फक्त दहाव्या-तेराव्याला भांडी नेणाऱ्यांकडे डिपॉझिटचा शब्द काढू नकोस. मोजून मात्र तिथेही द्यायचं, त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि भट्टी. सिलिंडर तू देऊ नकोस. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरायला परवानगी नाही. व्यावसायिक, १९ किलोचा सिलिंडर ज्याचा त्याने आणायचा. रबरी नळी आयएसआय शिक्क्याचीच घे. दर वेळी भट्टी परत आली की नळी वाकवून भेगा बघ. पुढच्या वेळी देताना सिलिंडर जोडला की सांध्यांना साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले तर त्या दिवशी भट्टी द्यायची नाही, दारात नवरदेवाचा बाप उभा असला तरी.

खरेदीला निघायच्या आधी मला कळव. मी येते बरोबर, वजनकाट्यापाशी एकीपेक्षा दोघी बऱ्या.