नाल्यावरून तार नेताना : परवानग्यांचा एक अभ्यास

सिंगल लाईन डायग्राम काढताना आपण दोन सबस्टेशन एका सरळ रेषेने जोडतो आणि मोकळे होतो. कागदावर त्या रेषेखाली काहीच नसतं. प्रत्यक्षात तिच्याखाली धानाच्या बांध्या असतात, झुडपी जंगल असतं, मामा तलाव असतो आणि एखादा नाला तर हमखास असतो. त्या नाल्यावरून किंवा नाल्याखालून लाईन न्यायची तर कोणाकोणाला विचारावं लागतं आणि का, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही. नोकरी लागल्यावर मात्र पहिल्या सहा महिन्यांतच हा पेपर द्यावा लागतो! म्हणून हा लेख.

उदाहरणाला तिरोडा तालुक्याएवढी सोयीची जागा नाही. येथील औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे एकूण ३३०० मेगावॅट आहेत. हे संच २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले. ही वीज ७६५ के.व्ही. लाईनने कोराडीमार्गे अकोला-औरंगाबादकडे (आता छत्रपती संभाजीनगर) आणि ४०० के.व्ही. लाईनने वरोऱ्याकडे जाते. तिरोडा वैनगंगेच्या पूर्वेला, तर कोराडी आणि वरोरा पश्चिमेला. तेव्हा कुठूनही न्या, वैनगंगा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. मोठ्या लाईनसाठी मोठी माणसं बसलेली असतात. आपल्या वाट्याला येणार ती गावाजवळच्या नाल्यावरची ३३ किंवा १३२ के.व्ही. ची लाईन, नाहीतर पाणीपुरवठ्याची पाईपलाईन. नियम मात्र दोघांनाही तेच.

१) नाला कोणाचा?

‘नाला काय कोणाच्या बापाचा आहे?’ असं आपण सहज म्हणतो. उत्तर आहे, शासनाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, ओढे यांची पात्रं शासनाच्या मालकीची आहेत. म्हणून पात्रात खोदकाम किंवा पाया घ्यायचा असेल तर महसूल आणि जलसंपदा या दोन्ही खात्यांकडे जावं लागतं. शेजारच्या शेतकऱ्याने ‘टाका हो खुशाल’ म्हटलं तरी ती परवानगी होत नाही.

जलसंपदा खातं पहिला प्रश्न विचारतं तो पूररेषेचा. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आणि लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई धरली जाते. त्यामुळे टॉवर या रेषेबाहेर ठेवता आला तर अर्धी लढाई तिथेच जिंकली म्हणायची.

२) काठावरची जमीन कोणती?

पुष्कळांना वाटतं की प्रत्येक लाईनला ‘एन्व्हायर्नमेंट क्लिअरन्स’ लागतो. तसं नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पारेषण वाहिन्या नाहीत. त्यांना शासनाची विद्युत कायदा २००३, कलम ६८ खालची पूर्वमंजुरी लागते. पण मार्गात वनजमीन आली की १९८० चा वन कायदा लागू होतो (२०२३ पासून त्याचं नाव वन संरक्षण एवं संवर्धन अधिनियम). मग केंद्राची मंजुरी दोन टप्प्यांत मिळते : आधी तत्त्वतः, आणि अटी पूर्ण झाल्यावर अंतिम. या अटींमध्ये पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य भरणं येतं. अर्ज परिवेश या संकेतस्थळावर करायचा असतो.

विदर्भात एक खास अडचण आहे, झुडपी जंगल. सातबाऱ्यावर हे दोन शब्द दिसले आणि जागेवर चार झुडपंसुद्धा नसली तरी तिला पडीक समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच मानल्या आहेत. नाल्याकाठी अशा जमिनींचे तुकडे खूप. म्हणून सर्व्हेला निघताना थिओडोलाईटच्या आधी तलाठ्याकडून सातबारा आणि गाव नकाशा घ्यावा.

लहान कामांसाठी एक सोपी वाटही आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे वीज व दूरसंचार लाईन, पिण्याच्या पाण्याची पाईपलाईन अशा शासनाच्या १३ प्रकारच्या गावसुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे इथे पहिली सही साहेबाची नसते, ती गावाची असते.

३) पंख असलेले हरकतदार

लाईन अभयारण्यातून जात असेल तर वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ लागतो, आणि प्रकरण वन्यजीव मंडळापर्यंत जातं. अभयारण्यात येणारं किंवा तिथून बाहेर जाणारं पाणी वळवायला वा अडवायलाही कलम २९ खाली परवानगी लागते. तिरोड्याजवळचं नागझिरा हे २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे नाला कुठून येतो हेही नकाशावर बघायला हवं.

आणि सारस. महाराष्ट्रात उरलेले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच. बांध्या, तलाव आणि नदीकाठ हेच त्यांचं घर. एवढा मोठा पक्षी उडताना दोन तारांना एकदम टेकू शकतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि त्यात वीजतारांचा मुद्दाही आला. उपाय माहितीतलेच आहेत : तारांवर पक्ष्यांना दिसतील असे डायव्हर्टर, इन्सुलेटेड केबल, किंवा जमिनीखालून लाईन. डिझाईनच्या वेळीच ते घेतले तर खर्च बेताचा असतो. लाईन उभी राहिल्यावर करायचे म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा.

४) वरून न्यायची तर : सॅगचं गणित

तारेचा झोळ म्हणजे सॅग. मीटरमागे वजन गुणिले स्पॅनचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. समजा १३२ के.व्ही. साठी पँथर कंडक्टर आहे, वजन मीटरला ०.९७४ कि.ग्रॅ., आणि सर्वाधिक तापमानाला ताण २००० कि.ग्रॅ. धरला.

३०० मीटर स्पॅन : सॅग ५.४८ मीटर
४०० मीटर स्पॅन : सॅग ९.७४ मीटर

नौकानयन नसलेल्या नदीवर १३२ के.व्ही. तार सर्वोच्च पूरपातळीपासून किमान ४.३ मीटर वर हवी (४०० के.व्ही. ला ६.४ मीटर). म्हणजे तार बांधण्याची जागा पूरपातळीच्या वर पहिल्या वेळी ९.७८ मीटर आणि दुसऱ्या वेळी १४.०४ मीटर आली.

आता समजा निळ्या रेषांमधलं अंतर ३५० मीटर आहे. ३०० चा स्पॅन घेतला तर एक टॉवर पुराच्या पाण्यात उभा राहणार. मग खोल पाया, वेगळी परवानगी आणि दर पावसाळ्यात धाकधूक. ४०० चा घेतला तर टॉवर सुमारे सव्वाचार मीटर उंच करावे लागतील, पण दोन्ही कोरड्यात. चार मीटर लोखंड महाग की चार ऑफिसांचे हेलपाटे, हे तुम्हीच ठरवा. नकाशावर स्पॅन ठरवता तेव्हाच तुमच्या परवानग्यांची यादीही ठरते, ती अशी.

५) खालून न्यायची तर : पात्र खरवडतं

पाईप किंवा केबल पात्राखालून नेताना ‘एक मीटर माती टाकली की झालं’ हा समज धोक्याचा आहे. पुरात नाल्याचा तळ खाली जातो, त्याला स्कोअर म्हणतात. दर मीटर रुंदीचा विसर्ग घ्या, त्याच्या वर्गाला सिल्ट फॅक्टरने भागा, घनमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. विसर्ग ८ क्युमेक आणि सिल्ट फॅक्टर १ (साधारण ०.३ मि.मी. ची वाळू) असेल तर ६४ चं घनमूळ ४, आणि खोली ५.३६ मीटर. ही पूरपातळीपासून मोजायची. पुरात पाणी ४ मीटर असेल तर तळ आणखी १.३६ मीटर खाली जाणार. एक मीटरवर पुरलेला पाईप पहिल्याच मोठ्या पुरात उघडा पडला म्हणून समजा! पाईप या खोलीच्याही खाली हवा. शक्य असेल तिथे चर न खोदता आडवं बोअर मारून न्यावा, म्हणजे पात्राला हातच लागत नाही.

६) काम कधी?

उन्हाळ्यात, नाला कोरडा असताना, हे उत्तर बरोबर पण अपुरं. उन्हाळ्यात सगळे मासे डोहात जमतात. डोहात गाळ सोडला तर पुढच्या हंगामाचं बी जातं आणि धिवर बांधवांचा रोजगारही. तेव्हा डोह सोडून क्रॉसिंग निवडायचं, उकरलेली माती पूररेषेबाहेर ठेवायची, जनावरांची पाण्याची वाट बंद करायची नाही आणि पावसाआधी काठ पूर्ववत करायचा.

अमेरिकेत अशा कामांना लष्कराच्या अभियंता विभागाची सर्वसाधारण परवानगी असते. २०२१ मध्ये तिचे तीन भाग झाले : तेल-वायू, वीज-दूरसंचार, आणि पाणी व इतर. अर्ध्या एकरापर्यंतचं नुकसान त्यात बसतं, त्यापुढे स्वतंत्र चौकशी. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही, म्हणून क्रम आपणच लावायचा :

अ) गाव नकाशा, सातबारा, पूररेषा
आ) ग्रामसभा आणि काठावरचे शेतकरी
इ) स्पॅन किंवा खोलीचं डिझाईन
ई) जलसंपदा व महसूल
उ) वन आणि लागल्यास वन्यजीव
ऊ) मंजुरीतल्या अटींची यादी साईटवर, ठेकेदाराच्या हातात

शेवटची पायरी बहुतेक वेळा फाईलमध्येच राहते. ‘माती पूररेषेबाहेर ठेवावी’ हे वाक्य साहेबांच्या कपाटात असून उपयोग नाही, ते पोकलेन चालवणाऱ्याला कळलं पाहिजे.

फायनल इयरच्या मित्रांनी प्रोजेक्टसाठी आपल्या गावचा एखादा नाला घ्यावा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सर्वात मोठ्या पुराची खूण शोधा, लेव्हल घ्या आणि वरचं गणित तिथे करून बघा. होस्टेलच्या खोलीतल्या बल्बपर्यंत येणारी वीज वाटेत किती नाले ओलांडून येते, याचा हिशोब आपण सहसा करत नाही. तो करणारा इंजिनिअर त्या नाल्याकाठच्या गावाला हवा आहे.