भुयारी गटार आणि गल्लीतील शेवटचे घर

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात जुलाब, उलट्या, कावीळ आणि विषमज्वर (टायफॉईड) यांचे रुग्ण वाढू लागतात. औषध दिले जाते, रुग्ण बरा होतो आणि महिन्याभरात त्याच घरातले किंवा शेजारचे दुसरे मूल तीच तक्रार घेऊन येते. याचे कारण गल्लीत असते. जेथे मैला उघड्या गटारातून वाहतो, तेथे औषधाचा गुण फार दिवस टिकत नाही. मैला बंद पाईपातून वस्तीबाहेर नेणे आणि त्यावर प्रक्रिया करणे, म्हणजेच भुयारी गटार, हा या रोगांवरचा मुळातला उपाय आहे.

हा उपाय पुष्कळदा पैशांपाशी येऊन अडतो. रस्त्यातील मोठा पाईप नगरपालिका टाकते, पण घरापासून त्या पाईपापर्यंतच्या जोडणीचा खर्च बहुधा घरमालकानेच करायचा असतो. ज्यांना तो झेपत नाही त्यांचे काय, हा प्रश्न वरवर पैशांचा वाटला तरी आरोग्याचा आहे. आज त्याचाच विचार करू.

एका घराचा मैला, साऱ्या गल्लीचे दुखणे

आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला चोवीस तास पाणी नसते. नळाचे पाईपही कित्येक ठिकाणी गटारातून किंवा गटाराला लागून गेलेले असतात. पाणी चालू असताना पाईपात दाब असतो, म्हणून गळक्या सांध्यातून पाणी बाहेर येते. पाणी बंद झाले की दाब जातो आणि त्याच सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. नळ आल्यावर पहिली काही मिनिटे येणाऱ्या गढूळ पाण्याचे हे एक कारण असते.

आता वीस घरांची एक गल्ली डोळ्यांपुढे आणा. सतरा घरांनी जोडणी घेतली, तीन घरे राहिली. गटार वाहतच राहिले. त्या तीन घरांच्या मैल्यातील जंतू नळावाटे, माशांवाटे आणि गटाराकाठी खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे बाकीच्या सतरा घरांतही पोहोचतात. सतरा घरांनी केलेल्या खर्चाचा पुरा लाभ त्यांना मिळत नाही तो या तीन घरांमुळे.

पोलिओचे उदाहरण आठवा. आपल्या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला. एकही मूल सुटू नये म्हणून डोस सर्वांना फुकट दिला गेला, कारण सुटलेले मूल इतरांनाही धोक्याचे होते. गटाराच्या जोडणीलाही हाच न्याय लागू आहे.

ब्राझीलमधील साल्वादोर शहरात १९९६ साली मोठी मलनिस्सारण योजना सुरू झाली. योजनेपूर्वी आणि योजनेनंतर तेथील तीन वर्षांखालील मुलांची पाहणी करण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मुलांमधील जुलाबाचे प्रमाण एकूण सुमारे २२ टक्क्यांनी घटले. ज्या वस्त्यांत आधी जुलाब सर्वाधिक होते, तेथे ४३ टक्क्यांनी. म्हणजे सर्वांत अधिक फायदा सर्वांत वाईट स्थितीतील वस्त्यांना झाला. जोडणीवाचून राहण्याची पाळीही अशाच वस्त्यांवर येते.

अडते कोठे?

‘या लोकांना पैसे द्यायचेच नसतात’ असे पुष्कळदा ऐकू येते. ते खरे नाही. रोजंदारीवरील कुटुंब आजारपणावर खर्च करतच असते. मूल जुलाबाने आजारी पडले की आईची दोन दिवसांची मजुरी बुडते. शिवाय रिक्षा, औषधे आणि वेळप्रसंगी सलाईन. हा खर्च थोडा थोडा होतो, म्हणून तो जाणवत नाही. जोडणीचा खर्च मात्र एकरकमी येतो. अनामत रक्कम, रस्ता खोदाईचे शुल्क, पाईप, चेंबर, प्लंबरची मजुरी आणि घरात शौचालय नसल्यास तेही बांधणे. महिन्याला दोनशे-अडीचशे रुपये देऊ शकणारे घर एकदम पाच-सहा हजार देऊ शकत नाही. अडचण बहुतेक वेळा या एकरकमीची असते.

दुसरी अडचण कागदपत्रांची. घर नावावर नसते, घरपट्टीची पावती नसते किंवा कुटुंब भाड्याने राहत असते. उद्या जागा खाली करावी लागेल अशी भीती असताना जमिनीखाली पैसे कोण घालील?

दोन शहरांचा अनुभव

या दोन्ही अडचणींवर अहमदाबादेत उपाय शोधला गेला. १९९० च्या दशकात तेथील महानगरपालिकेने झोपडपट्ट्यांसाठी ‘परिवर्तन’ ही योजना हाती घेतली. घरात नळ व शौचालय, भुयारी गटार, पक्के रस्ते, दिवे अशा सोयी एकत्र द्यायच्या आणि प्रत्येक कुटुंबाने दोन हजार रुपये वाटा उचलायचा, अधिक शंभर रुपये देखभालीसाठी, असे ठरले. हे पैसे कुटुंबांनी ‘सेवा’ बँकेत साठवायचे होते. ज्यांना रक्कम जमवता येत नव्हती त्यांना बँकेने कर्ज दिले. शिवाय दहा वर्षे वस्ती उठवली जाणार नाही, असे आश्वासन महानगरपालिकेने दिले. हे आश्वासन मिळाल्यावर लोकांना पैसे घालण्याचा धीर आला.

परिणाम काय झाला? तेथील स्त्रियांच्या आरोग्य विम्याच्या दाव्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. दूषित पाण्यामुळे होणाऱ्या आजारांसाठी केलेल्या दाव्यांचे प्रमाण सुधारणेनंतर ३२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आल्याचे त्यात दिसले.

दुसरा अनुभव कराचीतील ओरंगी या वस्तीचा. १९८० साली अख्तर हमीद खान यांनी तेथे काम सुरू केले. गल्ली हा घटक धरायचा, वीस-तीस घरांनी एकत्र यायचे, आपल्यातून एक प्रमुख निवडायचा आणि गल्लीतील पाईप स्वतःच्या खर्चाने टाकायचा, ही त्यांची रीत. संस्थेने नकाशा, अवजारे आणि मार्गदर्शन दिले. पैसे दिले नाहीत. ठेकेदार वगळला आणि रचना साधी ठेवली, त्यामुळे खर्च सरकारी अंदाजाच्या कितीतरी खाली आला. गल्लीबाहेरचा मोठा पाईप आणि प्रक्रिया मात्र सरकारचे काम, ही वाटणी त्यांनी स्पष्ट ठेवली. ती ध्यानात घेण्यासारखी आहे. गरिबांनी सगळेच आपल्या पैशाने करावे, असा याचा अर्थ नाही.

आपल्या गल्लीत काय करता येईल?

१. आधी यादी करा. कोणत्या घरांची जोडणी झाली, कोणाची राहिली आणि का राहिली, हे बचत गटातील दोन महिला एका संध्याकाळी विचारून येऊ शकतात.

२. नगरपालिकेकडे सर्वांनी मिळून अर्ज करा. अनामत व खोदाईचे शुल्क घरपट्टी किंवा पाणीपट्टीबरोबर हप्त्याने घ्यावे, अशी मागणी करा. सहा हजार रुपयांचे चोवीस हप्ते केले तर महिना अडीचशे रुपये होतात. शौचालयासाठी अनुदान मिळते का, याचीही चौकशी करा.

३. सामान आणि प्लंबर एकत्र ठरवा. वीस घरांसाठी वीस वेळा रस्ता खोदण्यापेक्षा जेथे शक्य असेल तेथे दोन-तीन घरांत एक चेंबर आणि एक जोडणी चालते का, हे नगरपालिकेच्या अभियंत्यांना विचारा.

४. कर्ज लागले तर बचत गटाचे किंवा पतसंस्थेचे घ्या. सावकाराचे घेऊ नका.

५. विधवा, निराधार किंवा आजारी माणसाच्या घराचा भार गल्लीने उचलावा. समजा, तीन घरांचे मिळून अठरा हजार रुपये होतात. सतरा घरांनी वाटून घेतले तर प्रत्येकी सुमारे १,०६० रुपये, म्हणजे वर्षभर महिन्याला नव्वद रुपयांहून कमी. हे दान समजू नये. आपल्याच मुलाच्या आरोग्यासाठी केलेला तो खर्च आहे.

६. घर भाड्याचे असेल तर जोडणीचा खर्च घरमालकाचा. तो भाड्यात चढवू नये, एवढे गल्लीने पाहावे.

जोडणीनंतरची पथ्ये

मोठा पाईप चालू आहे आणि त्याचे पाणी प्रक्रिया केंद्रात जाते, याची खात्री केल्यावरच जोडणी घ्या. अन्यथा आपल्या गल्लीतील घाण नदीकाठच्या दुसऱ्या गावाच्या विहिरीत जाते. पावसाचे पाणी, राख, चिंध्या आणि प्लास्टिक या पाईपात सोडू नये. किरकोळ दुरुस्तीसाठी दर महिन्याला घरटी थोडी वर्गणी काढावी. पाईप तुंबला तर माणूस आत उतरवू नये. मेनहोलमधील विषारी वायूने क्षणात प्राण जातो आणि अशा धोकादायक सफाईस २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. नगरपालिकेचे सफाई यंत्र मागवावे.

जोडणी झाल्यावरही पिण्याचे पाणी उकळून घेणे आणि शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे सोडू नये. नळाचे गळके सांधे दुरुस्त होईपर्यंत धोका राहतोच.

पुढच्या पावसाळ्याला अजून अवधी आहे. या आठवड्यात आपल्या गल्लीची यादी करायला घ्या आणि सुरुवात शेवटच्या घरापासून करा.