व्यायाम आणि पडद्याचे व्यसन

किशोरवयीन मुलाच्या हातून मोबाइल काढून घेणे सोपे असते. त्यामुळे रिकामा झालेला वेळ भरून काढणे मात्र कठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात व्हिडिओ गेमच्या अनिवार खेळाचा विकार म्हणून समावेश झाला. अर्थात, पडद्यासमोर पुष्कळ वेळ बसणारे प्रत्येक मूल रुग्ण नसते. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांहून खेळाला अधिक महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही या विकाराची लक्षणे होत.

याच संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस व्यायाम हवा. २०१६ साली जगातील ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुलांना तेवढा व्यायाम घडत नव्हता.

केवळ व्यायामाने हे व्यसन सुटते, असे म्हणता येणार नाही. परंतु पडद्यावर मिळणारी चुरस, सवंगड्यांची संगत आणि जिंकण्याचा आनंद खो-खोच्या मैदानावरही मिळतो; शिवाय थकलेल्या शरीराला शांत झोप लागते. म्हणून पालकांनी बंदी घालण्यापूर्वी मुलाला मैदानाची वाट मोकळी करून द्यावी.