पोराला वाचता येतं का, तेवढं सांगा

यंदा शेंडी-राजूरकडे 'दृश्य आकलन प्रशिक्षणा'ची रंगीत पत्रकं फिरताहेत, म्हणून हे लिहायला बसलो. माझा मुलगा दुसरीत असताना वाचायला अडायचा, म्हणून आम्ही त्याला शहरातल्या अशाच एका केंद्रात घातलं होतं. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू लावून जे कमावलं, ते बहुतेक त्या फीत गेलं.

तिथं एकमेकांत अडकलेले त्रिकोण-चौकोन ओळखायला लावत, ठिपके जोडायला, दोन चित्रांतले फरक शोधायला, फळीवर तोल सांभाळायला. पोरगं सगळं पटापट करायचं. मॅडम आलेख दाखवायच्या, त्यातली रेघ दर वेळी वर गेलेली. मी विचारायचो, "वाचायला कधी लागेल?" त्या म्हणायच्या, "आधी पाया पक्का होऊ द्या." पुढे पुढे तर "तुम्ही घरी सराव घेत नाही" हे सुरू झालं. तंबूची कामं उरकून रात्री आम्ही दोघं त्याच्याजवळ त्या वह्या घेऊन बसायचो, आणि वर हे ऐकून घ्यायचं!

आणि आकलन कमी कुणाचं? रतनगडाचं नेढं लांबून दाखवणाऱ्या, अंधार पडताना कळपातली आपली शेळी ओळखणाऱ्या मुलाचं!

खरा उलगडा आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी केला. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं. "राजूर म्हण. आता त्यातला रा काढून टाक. काय उरलं?" पोरगं गप्प. "अकोलेमधला को काढ." पुन्हा गप्प. मी तिथंच उभा होतो. समोर ना पुस्तक, ना चित्र, डोळे बंद, आणि तरी पोरगं अडलेलं. शब्दातले आवाज सुटे करणं आणि परत जोडणं त्याला जमत नव्हतं. मग डोळ्यांच्या कवायतीने ते कसं जमणार होतं? हा साधा प्रश्न त्या केंद्रात एकदाही विचारला गेला नाही. त्या दिवशी जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

हे खूळ नवं नाही. अमेरिकेत मारिआन फ्रॉस्टिग यांच्या चाचण्या आणि सरावपत्रिका 1960च्या दशकात शाळाशाळांत पोचल्या होत्या. 1983 साली कॅव्हल आणि मॅटसन यांनी अशा प्रशिक्षणावरचे 180 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लाभ जवळपास शून्य निघाला. 2009 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जाहीर केलं, की वाचनाच्या अडचणीवर डोळ्यांच्या व्यायामाचा उपयोग होतो याला पुरावा नाही. मूल ज्या आकृत्यांचा सराव करतं, त्यात ते तरबेज होतं. वाचन तिथंच राहतं.

म्हणून सांगतो. डोळे जरूर तपासा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडून. चष्मा लागत असेल तर तो लावावाच लागेल. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाने अक्षर उलटं काढलं तर लगेच घाबरू नका. घ-ध, भ-म यांत गोंधळ होत असेल तर सराव त्याच अक्षरांचा घ्या, त्रिकोणांचा नको. तरी केंद्रात घालायचंच असेल, तर फी एकरकमी मुळीच भरू नका. सुरुवातीला न पाहिलेला एक मराठी परिच्छेद मुलाकडून वाचून घ्यायला लावा, महिन्या-दोन महिन्यांनी तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा. केंद्र याला तयार नसेल तर उठून या. आणि मुलाला मारू नका, चार लोकांत 'ढ' म्हणू नका.

आणखी एक. अशा केंद्रांचे चकचकीत अहवाल सरकारदरबारी चालत नाहीत. वाचनाची अशी अडचण ज्यात येते, ती अध्ययन अक्षमता 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, परीक्षेत सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र शासनाने नेमलेल्या रुग्णालयातूनच घ्यावं लागतं.

गुरुजींनी शाळा सुटल्यावर रोज थोडा वेळ दिला. टाळ्या वाजवून शब्द तोडायचे, जोडायचे, मग तेच अक्षरांत लिहायचे. एक पैसा घेतला नाही. मुलगा आता चौथीत आहे, बालभारतीतला धडा अडखळत का होईना, स्वतः वाचतो. केंद्राकडे उरलेल्या महिन्यांची फी परत मागितली, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.