यात्रेतील गोंदण

प्रश्न : वेल्ह्याच्या मेंगाईदेवीच्या यात्रेत हातावर नाव गोंदवून घेण्याचा मुलाचा हट्ट आहे. अनुमती द्यावी काय? – एक वाचक, भोर

उत्तर : मुलगा सज्ञान असल्यास हरकत नाही, मात्र एकच सुई व एकच शाईची वाटी अनेकांसाठी वापरली गेल्यास ‘ब’ व ‘क’ प्रकारच्या काविळीचे, क्वचित एचआयव्हीचेही, विषाणू रक्तावाटे संक्रमित होऊ शकतात, आणि सुई नुसती स्पिरिटने पुसल्याने त्यांचा निश्चित नाश होत नाही, हे ध्यानी घेऊन, मोहोरबंद सुई आपल्यादेखत उघडणाऱ्या व प्रत्येकास स्वतंत्र शाई देणाऱ्या कारागिराकडेच जावे. ‘ब’ काविळीच्या लसीच्या 3 मात्रांस सामान्यतः 6 महिने लागतात. सबब तजवीज आगाऊ करावी. गोंदणानंतर 12 महिने रक्तदान वर्ज्य समजावे. लाली पसरल्यास वा ताप आल्यास विनाविलंब सरकारी दवाखाना गाठावा.