मिऱ्यांचे बंदर

काळे मिरे आपल्या सर्वांच्या घरी असतात. सर्दी-खोकला झाला की आपण ते काढ्यात घालतो. पण या एवढ्याशा दाण्यासाठी परदेशचे लोक समुद्र ओलांडून आले आणि लढाया लढले. ते कुठे आले, ठाऊक आहे? केरळातल्या कोची बंदरात. पूर्वी त्याला कोचीन म्हणत. आम्ही ते बंदर पाहून आलो. तिथली हकीगत ऐका.

आधी कोडुंगल्लूर हे तिकडचे मोठे बंदर होते. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला. जुन्या बंदरात गाळ भरला आणि कोचीपाशी वाट मोकळी झाली, असे मानतात. मग व्यापारी इकडे वळले.

किनाऱ्यावर चिनी जाळी दिसतात. लांब लाकडांना भले मोठे जाळे टांगलेले असते. मागे दोरांना दगड बांधलेले असतात. वजनाला वजन तोलायचं, म्हणजे थोडी माणसंसुद्धा जाळं वर ओढतात. आहे की नाही युक्ती?

१५०३ साली पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला. १६६३ साली डच लोकांनी तो जिंकला. १७९५ साली इंग्रज आले. तेही गेले. किल्ल्याचे आता थोडे अवशेषच उरले आहेत.

आम्ही मट्टांचेरी भागात गेलो. तिथे मिरे, सुंठ, वेलदोडे यांचा वास दरवळतो. या भागात कोकणी बोलणारी घरे आहेत. कोकणी, आणि इतक्या दूर? होय! सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांचा जाच वाढला. तेव्हा पुष्कळ कुटुंबे घरदार सोडून इकडे आली. कोचीच्या राजाने त्यांना आसरा दिला. यहुदी लोकांनाही त्याने आपल्या वाड्याशेजारी जागा दिली. तिथे १५६८ साली बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे.

आता खरी गंमत ऐका. डच सुभेदार व्हान ऱ्हीड याने इकडच्या झाडपाल्यावर एक ग्रंथ करवला. त्याचे बारा भाग १६७८ ते १६९३ या काळात हॉलंडात छापले गेले. पण झाडांचे गुण सांगणार कोण? ते इथल्या वैद्यांनी सांगितले. एक होते मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन. दुसरे तिघे कोकणी वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. या तिघांनी १६७५ साली आपली साक्ष स्वतः लिहून दिली. ती पहिल्या भागात जशीच्या तशी छापली आहे. लिपी कुठली, तर नागरी. आपण गिरवतो तीच, बरं का!

घर सोडून आलेल्या माणसांनी काय बरोबर आणले? विद्या आणि अक्षर. किल्ला पडला, पण त्यांची अक्षरे आजही वाचता येतात.

सांगा पाहू :
१. कोकणी माणसे कोचीला का आली?
२. वैद्यांची नावे आजवर कशामुळे टिकली?
३. तुमच्या गावातली कोणती माहिती लिहून ठेवायला हवी?